ओबीडी डोंगल आणि ॲव्हरेजची ॲप, सहा महिने वापरून काय कळलं

पहिल्याच टाकीला फोनवरचं ॲप म्हणालं लिटरला १९.२ किलोमीटर, गाडीचा डॅशबोर्ड म्हणाला १७.६, आणि मी टाकी फुल्ल करून कागदावर भागाकार केला तर आले १६.४. एकच गाडी, एकच ५६६ किलोमीटर आणि तीन आकडे. ३४.६ लिटर पेट्रोल तर मी स्वतः उभं राहून भरून घेतलं होतं, त्यामुळे खोटं कोण बोलतंय ते उघडच होतं. पण का बोलतंय हे शोधण्यात जे दोन महिने गेले त्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलोय.

आधी वस्तू काय आहे ते. स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ गाडीच्या कॉम्प्युटरकडून माहिती घ्यायचं १६ पिनांचं एक सॉकेट असतं, ओबीडी म्हणतात त्याला. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ते सक्तीचं झालं, म्हणजे आजकालच्या गाडीत ते असणारच. त्यात काडेपेटीएवढं डोंगल खोचायचं, ब्लूटूथने फोन जोडायचा, पासवर्ड बहुतेक वेळा १२३४ आणि मग टॉर्क किंवा कार स्कॅनर असं एखादं ॲप उघडलं की इंजिनाचे आरपीएम, पाण्याचं तापमान, सगळं नाचायला लागतं. पहिले दोन दिवस तर मी लहान मुलासारखा त्याच्याकडेच बघत होतो, शेवटी बायको म्हणाली रस्त्याकडे बघतोस का मी उतरू.

डोंगल घेताना एक लक्षात ठेवा. बहुतेक स्वस्त डोंगल ईएलएम ३२७ नावाच्या चिपची नक्कल असतात. त्यावर व्हर्जन १.५ लिहिलेलं असेल तर गंमत म्हणजे मूळ कंपनीने १.५ असं व्हर्जन कधी काढलंच नव्हतं, तरी त्यातली बरीच चालतात. २.१ लिहिलेलं माझं पहिलं डोंगल मात्र दर दहा मिनिटांनी फोनशी कनेक्शन तोडायचं आणि निम्मी माहिती द्यायचंच नाही, ते फेकलं. आयफोनवाल्यांनी जुन्या ब्लूटूथचं घेऊ नका, जोडलंच जाणार नाही, ब्लूटूथ एलई, म्हणजे नव्या प्रकारचं कमी वीज खाणारं ब्लूटूथ, बघून घ्या. वायफायचंही मिळतं पण फोन त्या वायफायला चिकटला की मॅपला नेट मिळेना अशी कटकट होते.

आता मुख्य गोष्ट. हे डोंगल पेट्रोल मोजतच नाही हो! मला वाटायचं पाइपातनं किती गेलं ते गाडी सांगत असेल. काही गाड्या सांगतात पण बऱ्याचशा नाहीत. मग ॲप काय करतं, तर इंजिनाने हवा किती ओढली ते बघतं, पेट्रोल जळायला १ ग्रॅमला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते, म्हणून हवेला १४.७ ने भागतं आणि ग्रॅमचे लिटर करतं. माझ्या गाडीला तर हवा मोजायचा सेन्सरही नाही, फक्त दाबाचा आहे, म्हणजे ॲप दाब, आरपीएम, हवेचं तापमान आणि इंजिनाचा आकार यावरून हवेचाही अंदाज करतं. अंदाजावर अंदाज. आणि इंजिनाचा आकार त्याला आपण सांगायचा असतो. मी सेटिंग उघडून बघितलं तर तिथे १.० लिटर, माझं इंजिन ११९७ सीसी! सहाव्या हिश्श्याएवढं इंजिन ते हिशोबातच धरत नव्हतं, मग ॲव्हरेज छान येणारच की. ते दुरुस्त केलं तर पुढच्या टाकीला ॲप १६.१ आणि कागद १६.५, व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी नावाचा एक आकडा असतो, इंजिन आपल्या आकाराच्या मानाने प्रत्यक्षात किती हवा ओढतं त्याचा, तो अगदी थोडा खाली आणला आणि जुळलं. डिझेलवाल्यांनी हा नाद सोडा, डिझेलला १४.७ चं गणितच लागू होत नाही, किती डिझेल गेलं तो आकडा गाडी स्वतः देत असेल तरच उपयोग. अजून एक, ॲप एमपीजीवर, म्हणजे गॅलनला किती मैल यावर, असेल तर आधी बघा गॅलन कुठला, अमेरिकेचा ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटनचा ४.५४६ चा, उगाच आनंदी किंवा दुःखी व्हाल.

आणि आता माझी फजिती. स्क्रीनवर तासाला किती लिटर जातंय ते लावून ठेवलं होतं. घाट उतरताना गिअरमधे ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ॲप दाखवायचं जवळजवळ २, न्यूट्रल केलं की ०.७. म्हटलं वा, न्यूट्रलच भारी, आणि आठवडाभर उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून सोडत होतो. ब्रेक गरम होऊन वास यायला लागला तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. मग ऑक्सिजन सेन्सरचा ग्राफ लावून बघितला, धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते तो सांगतो, जास्त उरला की व्होल्ट कमी. एरवी तो ०.१ ते ०.९ व्होल्टमधे वरखाली नाचत असतो, गिअरमधे पाय काढल्यावर सेकंद दोन सेकंदात सरळ शून्यावर जाऊन झोपला. म्हणजे काहीच जळत नाहीये, पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंद, पेट्रोल शून्य! इंजिन चाकांच्या जोरावर फिरतंय, हवा ओढतंय, आणि आमचं ॲप त्या हवेला १४.७ ने भागत बसलंय. उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जात असतंच. म्हणजे आकडे बरोब्बर उलटे. काही ॲपमधे पाय काढल्यावर खप शून्य धरायचं सेटिंग असतं, ते आधी शोधा, आणि नसेल तर निदान ॲपचं ऐकून न्यूट्रल तरी करू नका.

थांबलेल्या गाडीचा आकडा मात्र डोळे उघडणारा आहे. एसी बंद असताना तासाला ०.७, एसी लावला की १.१. कुणाची तरी वाट बघत १० मिनिटं एसी लावून बसलो की माझ्या गाडीचे ३ किलोमीटर गेले, जागच्या जागी.

बॅटरीचं सांगायचं राहिलं. त्या सॉकेटला गाडी बंद असली तरी करंट चालू असतो. मी डोंगल तसंच ठेवून तीन आठवडे बाहेर गेलो, आल्यावर किल्ली फिरवली तर फक्त टक. नंतर मीटर लावून बघितलं, डोंगल एकटंच ४० मिलीॲम्पियर खात होतं, दिवसाला जवळपास १ ॲम्पियर-अवर. शिवाय पासवर्ड १२३४, शेजारी उभा असलेला कोणीही जोडू शकतो. काम झालं की काढून ठेवा.

त्याच सॉकेटला लावायचं पेट्रोल वाचवणारं यंत्र म्हणून जे विकतात त्याच्या नादी लागू नका. मित्राने घेतलेलं आम्ही उघडलं, आत लुकलुकणारे दिवे, एक छोटी चिप, आणि गाडीशी बोलायच्या पिना कशालाच जोडलेल्या नाहीत.

मग रोज काय वापरतो? फ्युएलिओ नावाचं ॲप. त्यात डोंगल वगैरे काही नाही, पंपावर किलोमीटर आणि लिटर टाकायचे, दर वेळी नॉझलचा पहिला खटका पडला की थांबायचं. एखाद्या टाकीला लिटरभर इकडेतिकडे होतं, पण चार-पाच टाक्यांत खरं ते कळतं. डोंगल आता कप्प्यात पडून असतं. गेल्या महिन्यात ॲव्हरेज आधी १५.६ आणि पुढच्या टाकीला १४.८ झालं, टायरची हवा ठीक, रस्ता तोच, तेव्हा ते बाहेर काढलं. अर्धा तास गाडी चालवून पाण्याचं तापमान ६८ च्या वर जाईना, एरवी ९० च्या आसपास असतं. मेकॅनिकला स्क्रीन दाखवली, तो म्हणाला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, उघडाच अडकलाय, इंजिन गरमच होत नाही म्हणून जास्त पेट्रोल मारतंय. बदलला. परवाच्या टाकीला १६.३.