रंग मारून माझाच पंप मला विकला, १३,२५० रुपयांना

ट्रॅक्टरचा डिझेल पंप, म्हणजे इंजिनला दाबाने डिझेल पुरवणारा, मोबाईलवर सापडलेल्या एका माणसाकडे दुरुस्तीला पाठवला आणि फसलो. आधी रकमा लिहितो. ९ मेला आगाऊ ३,००० रुपये. २१ मेला ८,८००. २४ मेला पॅकिंग आणि ट्रान्सपोर्टच्या नावाखाली १,४५०. झाले १३,२५०. पंप इथून पाठवायला ४२०, परत आलेला पंप ट्रॅक्टरवर चढवायची मजुरी १,२००, आणि तो उघडून आत काय निघतं ते बघायला ६००. म्हणजे १५,४७० रुपये गेले आणि पंप होता तसाच राहिला. फक्त त्याला चंदेरी रंग लागला.

ट्रॅक्टर वडिलांनी १९९४ साली घेतलेला. तीन सिलिंडरचा, ३५ एचपी. दोन वर्षांपासून सकाळी चालू व्हायला त्रास देत होता. काळा धूर सोडायचा आणि पलटी नांगर जमिनीत गेला की मान टाकायचा. त्यातच एप्रिलमध्ये डिपस्टिक काढली तर ऑइल वर चढलेलं, बोटावर घेतलं तर डिझेलचा वास. ज्यांच्याकडे जुने ट्रॅक्टर आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. या पंपाला इंजिनचंच ऑइल मिळतं, त्यामुळे एलिमेंट, म्हणजे डिझेल दाबणारा प्लंजर आणि तो ज्यात सरकतो तो बॅरल, ही जोडी झिजली की डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. हे मला माहीत होतं. मी काही अडाणी माणूस नाही. फिल्टर मी बदलतो, डिझेलच्या पाईपमधली एअर मी काढतो, एकदा कॉपर वॉशर बदलून इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलची गळतीही मीच थांबवली आहे. एवढं माहीत असूनही फसलो, म्हणून लिहितोय.

तालुक्याच्या पंपवाल्या मिस्त्रींनी १८,६०० सांगितले. तीन एलिमेंट, तीन डिलिव्हरी व्हॉल्व्ह, तीन नोझल, गॅसकेट किट, आणि बेंचवर, म्हणजे पंप फिरवून तपासायच्या मशीनवर, कॅलिब्रेशन. शिवाय बारा दिवस थांबा, म्हणाले, नंबर लागलेत. मृग तोंडावर. सोयाबीनला मिळालेला भाव तुम्हालाही माहीत आहे. १८,६०० एकरकमी बाजूला काढणं मला शक्य नव्हतं. लोक म्हणतात स्वस्ताच्या मागे लागलास. ज्यांच्याकडे पैसे असतात त्यांनी हे म्हणावं.

मोबाईलवर पंपाच्या कामाचा व्हिडिओ दिसला. नंबर होता. ११,८०० मध्ये सगळं, एलिमेंट ओरिजिनल, आठ दिवसांत पंप परत, सहा महिने गॅरंटी. फरक ६,८०० रुपयांचा. फोन केला तर माणूस स्वच्छ मराठीत बोलला. "दादा, पंप खोलून तीनही एलिमेंटचा फोटो पाठवतो, तुम्ही हो म्हटल्याशिवाय काम करणार नाही." आगाऊ भरून पंप पाठवला, मग फोटो आला. झिजलेले एलिमेंट, त्यावर उभे ओरखडे. आता कळतंय की असा फोटो कोणत्याही झिजलेल्या पंपाचा असू शकतो. एलिमेंटवर कोणाचं नाव नसतं.

आता ज्या क्षणासाठी हे लिहायला बसलो, तो सांगतो.

२१ मेला संध्याकाळी त्याने व्हिडिओ पाठवला. टेस्ट बेंचवर पंप फिरतोय, समोर काचेच्या नळ्यांत तेल चढतंय, मागून आवाज येतोय, "बघा दादा, सगळ्या नळ्या एका रेषेत." मी ओट्यावर बसून बघत होतो. मुलगी शेजारी होती, आठवीत आहे. तिने विचारलं, "पप्पा, आपल्याला चार आहेत का?" मी पुन्हा बघितलं. काचेच्या चार नळ्यांत तेल चढत होतं. चार. माझा ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, पंपाला तीनच पाईप. चौथ्या नळीत तेल येईलच कुठून?

आणि मी तिला काय सांगितलं, तर बेंचला नळ्या जास्तच असतात. नळ्या जास्त असतात हे खरं आहे, पण रिकाम्या. तेल तेवढ्याच नळ्यांत चढतं जेवढे पंपाला एलिमेंट. हे मला त्या वेळीही कळत होतं. पोरीने विचारल्यावर पोटात काहीतरी हललं होतं. पण ३,००० आधीच गेले होते, पंप त्याच्याकडे होता, आकाशात ढग यायला लागले होते, आणि मला तो व्हिडिओ खरा असायला हवा होता. पाच मिनिटांनी मी ८,८०० पाठवले. पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते एका बाईचं. ९ तारखेला आलेलं नाव वेगळं होतं, पुरुषाचं. विचारलं तर म्हणाला, "दुकानाच्या खात्याची आजची लिमिट संपली दादा, घरच्यांचं खातं आहे." तेही मी ऐकून घेतलं. एका संध्याकाळी दोन गोष्टी डोळ्यांसमोर आल्या आणि दोन्ही मी स्वतः झाकल्या. त्या पाच मिनिटांचा राग अजून जात नाही.

पैसे घेणाऱ्याचं नाव बदललं की तिथेच थांबा. कारण काहीही सांगू दे.

बिल त्याने मोबाईलवरच पाठवलं, त्यावर जीएसटी नंबर. पत्ता परराज्यातला आणि नंबर २७ ने सुरू होणारा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, २७ म्हणजे आपला महाराष्ट्र. जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर नंबर टाकला की फुकटात व्यापाऱ्याचं नाव दिसतं. हे मी केलं, पण २ जूनला. नंबर अस्तित्वातच नव्हता. ही तपासणी मेमध्ये केली असती तर दोन मिनिटं लागली असती.

२९ मेला पंप आला. खोका उघडल्यावर डोळे निवले, हेही खरं सांगतो. चंदेरी रंग, एकदम नवा दिसणारा. ३१ मेला बसवला, टायमिंग मिळवलं, एअर काढली. ट्रॅक्टर चालू झाला, पण कसा? चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर, तोच काळा धूर सोडत. नांगर लावला, तिथेच बसला. त्याला फोन लावला. "दादा, नोझल चेक करा, पंप ओके आहे." दुसऱ्या दिवशी "डिझेलमध्ये पाणी असेल." त्यानंतर फोन बंद.

२ जूनला पंप काढून त्याच तालुक्याच्या मिस्त्रींकडे नेला. मान खाली घालून नेला. ते काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणं मला जास्त लागलं. त्यांनी आधी रंगाकडे बघितलं. गॅसकेटच्या जोडावरून रंगाचा पापुद्रा सलग गेलेला, नंबरची पाटी रंगाखाली, बोल्टच्या खाचांतही रंग. आणि शिशाचं सील कुठेच नाही. बेंचवर पंप सेट केला की चांगला मिस्त्री सील मारतो, म्हणजे कोणी स्क्रू फिरवला तर कळावं. मग पंप खोलला. एक प्लंजर बाहेर काढून डिझेलने धुतला, बॅरलमध्ये अर्धा घालून बॅरल तिरका धरला. "चांगला असेल तर हळूहळू सरकत खाली जाईल, बघा," म्हणाले. सोडला आणि तो टपकन खाली गेला. दुसराही तसाच. तिसरा मधेच अडला. तिसरा प्लंजर त्या बॅरलचा नव्हताच. प्लंजर आणि बॅरल जोडीनेच घासून जुळवलेले असतात, त्यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये मोजायची. एकाचा दुसऱ्यात घालून चालत नाही. म्हणजे नवीन काही टाकलं नव्हतंच, उलट पंप उघडून माझी एक जोडी बिघडवून ठेवली होती.

पंप माझाच होता. खालच्या बाजूला वडिलांच्या काळात छिन्नी लागून पडलेला खड्डा आहे, तो रंगाखाली हाताला लागला.

पंप कुठेही द्या, अगदी ओळखीच्या माणसाकडे, पण देण्याआधी पाटीचा फोटो काढा आणि एका कोपऱ्यात पंचने खूण करा. जुने एलिमेंट आणि नोझल पिशवीत घालून परत मागा. देत नसेल तर त्याने बदललेच नाहीत असं समजा. व्हिडिओ मागायचा तर पंपाशेजारी आजची तारीख आणि तुमचं नाव लिहिलेला कागद ठेवायला सांगा.

आता सरकारी दारांबद्दल. ३ जूनला पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "पंप परत आला ना?" आला म्हणालो. "मग फसवणूक कसली? काम बरोबर झालं नाही एवढंच. ग्राहक आयोगात जा." मी बॅरल आणि प्लंजर सोबत नेले होते, टेबलावर ठेवले. त्यांनी हातही लावला नाही. या चोराची अक्कल इथेच आहे. तो वस्तू पळवत नाही, परत पाठवतो. खोक्यात काहीतरी आलं की पोलिसांच्या लेखी तो दुकानदार आणि आपण कटकट करणारं गिऱ्हाईक. खोटा व्हिडिओ दाखवून पैसे उकळले, खोटा जीएसटी नंबर दिला, न टाकलेल्या सामानाचे पैसे घेतले, हे जर ठकवणं नसेल तर ठकवणं म्हणायचं कशाला? पूर्वीचं ४२० कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, ते मी घरून कागदावर लिहून नेलं होतं. ते वाचून एक साहेब म्हणाले, "तुम्हीच वकील झालात की." तिथे चार माणसं बसली होती. कान गरम झाले माझे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तर आरोपी परराज्यातला, तिकडे तक्रार करा. नवीन कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमात, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, असं स्पष्ट लिहिलंय. हे सांगितलं तर म्हणाले, साहेब आल्यावर बघू. साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशीही बंदोबस्ताला. तीन दिवस, रोज २२ किलोमीटर जाऊन-येऊन, शेतं पडलेली. त्या तीन दिवसांत मी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरने सात एकर नांगरून घेतलं, एकरी २,२०० प्रमाणे १५,४००. हे कोणाच्या हिशेबात धरायचे?

बँकेत गेलो तर काउंटरवरून उत्तर आलं, पिन तुम्हीच टाकलात. ते मान्य आहे. कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर पैसे परत हा नियम आपल्याला न विचारता गेलेल्या पैशांसाठी आहे, आपण होऊन पाठवलेल्यांसाठी नाही. पण निदान समोरचं खातं कळवा, गोठवायला पत्र पाठवा, एवढं तरी? "वरून आदेश लागतो." अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर शिक्का सापडत नव्हता.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायला मला उशीर झाला, ही माझी चूक. पैसे गेल्या-गेल्या काही तासांत कळवलं तरच पुढच्या खात्यात अडवता येतात. माझा शेवटचा हप्ता २४ मेचा आणि फोन ३ जूनचा. संशय आला की खात्री व्हायची वाट बघू नका, आधी फोन करा. cybercrime.gov.in वर मुलीने तक्रार भरून दिली, क्रमांक मिळाला. ठाण्यात तो क्रमांक दाखवला तर म्हणाले, मग ऑनलाइनच बघा.

ग्राहक आयोगाचं मात्र मी मनावर घेतलंय. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, त्याच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, वकीलही लागत नाही, मुदत दोन वर्षांची. पण नोटीस पाठवायची कोणत्या पत्त्यावर? बिलावरच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेलं पाकीट "पत्ता अपूर्ण" शेरा मारून परत आलंय. म्हणूनच पोलीस लागतात. त्या फोन नंबरमागचा आणि त्या दोन खात्यांमागचा माणूस मी कुठून शोधू?

एक राहिलं. पंपाला हात लावायच्या आधी नोझल तपासून घ्या. नोझल तपासायच्या हातपंपावर फवारा बघायला पैसे किरकोळ लागतात, आणि बऱ्याच वेळा धुराचा दोष तिथेच असतो. डिझेल फिल्टर, टाकीतून डिझेल खेचणारा फीड पंप, पाईपमधून येणारी हवा, हे आधी. ऑइलची पातळी वाढत असेल, माझ्यासारखी, तर मात्र पंप खोलावाच लागतो. तेव्हाही एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह आता घ्या, नोझल पुढच्या हंगामाला घ्या, असं मिस्त्रींशी मोकळेपणाने बोला. मी लाजेपोटी बोललोच नाही. आता विचारलं तर त्यांनीच तसं सुचवलं, निम्मे पैसे आता आणि निम्मे मळणी झाल्यावर. मेमध्येही ते हो म्हणाले असते.

पंप १९ जूनला त्यांच्या बेंचवर चढला. मी समोर उभा होतो. तीन नळ्यांत तेल चढलं. सील मारलं, जुने एलिमेंट पिशवीत घालून हातात दिले. ते मी चंदेरी रंगाच्या पापुद्र्यासकट जपून ठेवलेत. पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवलेल्या अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर नाही. सोमवारी ती पिशवी घेऊन पुन्हा ठाण्यात जाणार आहे.