आठ महिने, दोन जोड: विजेच्या कामाचे रबरी हातमोजे

लालबागमधल्या एका जुन्या इमारतीची वायरिंग मी सांभाळतो. पॅनल ४१५ व्होल्टचं, पावसाळ्यात मीटर रूमच्या भिंतीला ओल. काम लाइन बंद करूनच करतो, पण ती खरंच बंद आहे का हे तपासतानाही हात उघडे नकोत.

जूनमध्ये लोहार चाळीतून दोन जोड आणले. दोन्ही क्लास ०, म्हणजे १००० व्होल्ट एसीपर्यंत वापरायचे. कारखान्यात त्यांची चाचणी ५००० व्होल्टवर होते. दुकानदार क्लास २, म्हणजे आणखी जास्त व्होल्टेजसाठीचे जाड मोजे, घ्या म्हणत होता. पण जाड रबरात स्क्रू बोटांना लागत नाही आणि मग माणूस मोजा काढून काम उरकतो. धोका तिथेच आहे.

पहिला जोड नैसर्गिक रबराचा. इतका मऊ, की लग (तारेच्या टोकाला लावायचं धातूचं टोक) बसवताना बोटांना अंदाज येतो. पण मी तो दुमडून पकडी-पेचकसांच्या पिशवीत ठेवत होतो. ताणलेल्या रबराला हवेतला ओझोन वायू चिरतो, आणि घडीवर रबर ताणलेलंच असतं. सप्टेंबरमध्ये नेहमीसारखी बाही गुंडाळून आत हवा कोंडली, मोजा गालाशी धरला, तर अंगठ्याच्या बेचक्यातून बारीक फुसफुस. डोळ्यांना काहीच दिसलं नव्हतं. दोन्ही मोजे कापूनच टाकले, म्हणजे कचऱ्यातून उचलून कुणी घालणार नाही.

दुसरा जोड ओझोन सोसणाऱ्या कृत्रिम रबराचा. आठ महिन्यांत एक चीर नाही. मात्र ताठ आहे, बारीक स्क्रू निसटतात, ऑक्टोबरच्या उकाड्यात आत घामाची धार. आतून सुती मोजे घालायला लागल्यावर निभावलं. मोज्यावरच्या शिक्क्यातली अक्षरं नीट वाचा, मोजा काय सोसतो ते त्यात असतं: झेड म्हणजे ओझोन, एच म्हणजे तेल, आर असेल तर आम्ल, तेल, ओझोन तिन्ही. या जोडावर फक्त झेड आहे, म्हणून ग्रीसच्या हातांनी त्याला शिवत नाही.

वरून चामड्याचे मोजे घालतोच, पण ते फक्त तार टोचू नये म्हणून. वीज अडवतं ते रबर. चामड्याची बाही रबराच्या बाहीपेक्षा आखूड हवी, नाहीतर करंटला मनगटापर्यंत वाट मिळते.

पॅनलसाठी मी पुन्हा नैसर्गिक रबरच घेतलं. आता ते न दुमडता, अंधाऱ्या डब्यात सरळ ठेवतो. कृत्रिम जोड मदतनीस पोराला दिला. नैसर्गिक रबराच्या लॅटेक्सने त्याच्या मनगटावर पुरळ उठत होतं, या मोज्यांनी उठत नाही.