बायोस रीसेट: जंपर की बॅटरी?

कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी चालू केलं आणि आता पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच. जंपरने (मदरबोर्डवरच्या ठराविक पिना जोडून) रीसेट करू की बोर्डावरची बॅटरी काढू, असं भाचीने विचारलंय. दोन्हींनी सेटिंग्ज मूळपदावर येतात, फायलींना धक्का लागत नाही. आधी प्लग काढायचा आणि पॉवर बटण काही सेकंद दाबून धरायचं, हे दोन्हीकडे सारखंच.

वेळेत जंपर सरस. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या पिना काही सेकंद जोडल्या की झालं. बॅटरी काढल्यावर मात्र पाच-दहा मिनिटं थांबावं, कारण बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागांत) चार्ज उरतो.

जोखमीचं गणित उलटं आहे. पिना बारीक, अक्षरं त्याहून बारीक, आणि भलत्याच पिना जोडल्या तर बोर्डाचं नुकसान होऊ शकतं. मॅन्युअल नसेल तर अंदाजाने हात घालू नकाच! नाण्यासारखा सीआर२०३२ सेल मात्र कुणालाही ओळखू येतो; कधीकधी त्यासाठी ग्राफिक्स कार्ड काढावं लागतं, इतकंच.

खर्च जंपरला शून्य, नवा सेलही स्वस्तच.

रीसेटनंतर साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) बदलला तर विंडोज अडते. तो पूर्वीसारखा करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवा.

डेस्कटॉप आणि मॅन्युअल दोन्ही असतील, तर जंपर. मॅन्युअल नसेल किंवा कॉम्प्युटरचं घड्याळ सारखं मागे जात असेल, तर बॅटरी काढून नवाच सेल बसवा. लॅपटॉप असेल तर दुरुस्तीवाल्याकडे न्या.