मेंदूच्या वायरिंगवरचा ऑनलाइन कोर्स, तिसऱ्या आठवड्यासाठी तरी कराच (४/५)
६ आठवड्यांचा कोर्स परवा संपवला, मेंदूतल्या जोडण्यांमुळे आपण ऐकलेलं, बघितलेलं कसं समजून घेतो असा विषय आहे, आणि मी सायन्सवाली नाही तरी बऱ्यापैकी झेपला.

खरं तर जॉइन झाले ते बाबांमुळे. स्ट्रोकनंतर ते बोलायचे, आपण बोललेलं त्यांना समजायचं, पण "खिडकी बंद आहे" एवढं माझ्यामागून म्हणा सांगितलं की अडकायचे, "ते… हवा येते ना… ते लावलंय." म्हणजे अर्थ बरोब्बर पोचलाय पण शब्द मधेच कुठेतरी राहिले! डॉक्टरांनी कंडक्शन अफेझिया असं नाव सांगितलं (अफेझिया म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे भाषेत येणारी अडचण), मला काही उलगडलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात आर्क्युएट फॅसिक्युलस आला, बोली समजून घ्यायचा भाग आणि बोलायचा भाग यांना जोडणारा तंतूंचा कमानीसारखा जुडगा, आणि हा रस्ता किंवा त्याच्या आजूबाजूचा भाग दुखावला की समजतं, बोलताही येतं पण ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणता येत नाही. व्हिडिओ पॉज करून बाबांना दाखवला तर त्यांनी स्क्रीनवर बोटाने ती कमान गिरवली आणि कितीतरी वेळ बघत बसले.

मायलिनचा, म्हणजे मेंदूतल्या तंतूंवरच्या आवरणाचा भागही मस्त, हे आवरण नसेल तर सिग्नल सेकंदाला साधारण १ मीटर जातो आणि जाड आवरण असेल तर १०० मीटरच्या आसपास, त्यामुळे नुसतं कोण कोणाला जोडलंय एवढ्यावर भागत नाही, निरोप किती वेळात पोचतो तेही बघावं लागतं. सी. एलिगन्स या कृमीत फक्त ३०२ न्यूरॉन (म्हणजे चेतापेशी), त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्येच छापून आला, तरी तो कृमी पुढच्या क्षणी काय करेल हे नुसत्या नकाशावरून सांगता येत नाही कारण त्याच जोडण्या वेगवेगळ्या रसायनांखाली वेगळ्या वागतात. आणि आपल्याकडे ८६ अब्ज न्यूरॉन!

एक स्टार कापला तो पाचव्या आठवड्याचा. ग्राफ थिअरी, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं गणित, अक्षरशः पळवलीय. शिवाय कोर्समधली ती रंगीत तंतूंची सुंदर चित्रं, ते फोटो नाहीत, एमआरआयमध्ये पाणी कुठल्या दिशेने सरकतं ते मोजून कॉम्प्युटरने काढलेला अंदाज आहे, हे पहिल्याच दिवशी ठासून सांगायला हवं होतं, इथे ते शेवटच्या क्विझमध्ये कळतं.

घरात कोणाला अफेझिया असेल तर तिसरा आठवडा वेगळा उघडता येतो, आधीचे दोन बघितले नसले तरी चालतं.