मल्हारगंजातलं तेलाचं दुकान: सहा वर्षांचा अनुभव

इंदूरच्या रामबागेत माझं घरगुती फराळाचं काम आहे. चकली, शेव, शंकरपाळे, तळणीचे मोदक. आठवड्याला सोयाबीन तेलाचे दोन डबे लागतात, दिवाळीच्या महिन्यात दहा-बारा. गेली सहा वर्षं सगळं तेल मल्हारगंजातल्या एकाच ठोक दुकानातून घेते.

इथे आले ती काट्यामुळे. आधीच्या दुकानात भाव पंधरा किलोचा सांगत आणि हातात पंधरा लिटरचा डबा देत. पंधरा लिटर सोयाबीन तेल भरतं साधारण 13.65 किलो. म्हणजे दर डब्यामागे सव्वा किलोहून जास्त तेलाचे पैसे फुकट जात होते आणि हे कळायला मला तीन दिवाळ्या लागल्या. इथले सेठजी न सांगता डबा काट्यावर ठेवतात आणि रिकाम्या डब्याचं वजन वजा करूनच हिशेब लिहितात. पामच्या डब्यांवर खडूनं मोठं ‘पाम’ लिहिलेलं असतं. जानेवारीत आमच्या ओट्यावर सकाळी पाम थिजून खाली पांढरा साका बसतो, म्हणून मला ते नको असतं. इथलं सोयाबीन ऐन थंडीतही तसंच पातळ राहतं, आणि चकलीचा तिसरा घाणा काढेपर्यंत कढईत फेस येत नाही.

पण या दुकानावर माझा विश्वास बसला तो सप्टेंबर 2024 मध्ये. गणपती बसलेले, अनंत चतुर्दशी तीन दिवसांवर. 14 तारखेपासून सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरची आयात ड्यूटी सेस धरून 5.5 वरून 27.5 टक्के केली, रिफाइंडवरची 13.75 वरून 35.75. दुपारपर्यंत बाजारात डबा अडीचशे रुपयांनी चढला होता. मी दिवाळीच्या ऑर्डरी जुन्या दरानं घेऊन बसलेली. फोन केला तर सेठजी म्हणाले, “काकी, पुराना माल पुराने भाव. दो डब्बे ले जाओ, बाकी ग्राहकों को भी देना है.” नेहमीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी दोन-दोन डबे जुन्या भावानं दिले.

त्या दिवशी मला सरकारचा फार राग आला होता. संध्याकाळी देवास जिल्ह्यातल्या सोनकच्छहून नणंदेच्या यजमानांचा फोन आला. त्यांच्या बारा बिघ्यांत सोयाबीन उभं होतं. हमीभाव 4892 रुपये क्विंटल, मंडीत त्याच्या खूप खाली चाललेलं, आणि माळव्यातले शेतकरी सहा हजार मागत रस्त्यावर उतरलेले. ते म्हणाले, “वहिनी, तुमचं तेल स्वस्त होतं ना, तेव्हा आमचं बी मातीमोल होतं.” मला उत्तर सुचलं नाही.

पुढच्या खेपेला सेठजींना विचारलं, ड्यूटी वाढली तर शेतकऱ्याला भाव का मिळत नाही? त्यांनी गल्ला सोडून समजावलं. सोयाबीनच्या दाण्यात तेल फक्त 18 टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक पेंड. ब्राझील-अर्जेंटिनाची स्वस्त पेंड जगभर पसरली की आपल्या पेंडीला गिऱ्हाईक राहत नाही, मग तेलावर कितीही ड्यूटी लावा, मिलवाला दाण्याला जास्त देऊ शकत नाही. वर नेपाळमार्गे सार्क देशांच्या करारातून रिफाइंड तेल बिनड्यूटीचं येतं. नेपाळात एवढं सोयाबीन पिकतं कुठे? आणि जागतिक व्यापार संघटनेत आपणच बांधून घेतलंय की सोयाबीन तेलावर 45 टक्क्यांच्या वर जाणार नाही, पामवर मात्र 300 पर्यंत मुभा. तो हंगाम संपेपर्यंत नंदोईंना हमीभाव मिळाला नाही आणि त्या दोन डब्यांनंतर मला जुना भाव मिळाला नाही.

मे 2025 अखेर कच्च्या तेलाची ड्यूटी 16.5 वर आली, रिफाइंडची तशीच ठेवली. तेल इथल्या रिफायनऱ्यांत साफ व्हावं हा हेतू, आणि तो मला पटतो. वेळ पटली नाही. पेरणीच्या तोंडावर असं झालं तर शेतकऱ्यानं काय पेरायचं ते कशावरून ठरवायचं? आपल्याला लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. ड्यूटीचा एक आकडा हलला की सोनकच्छचं शेत आणि माझी कढई दोन्ही हलतात, म्हणून तो निदान वर्षभर तरी स्थिर राहावा असं मला मनापासून वाटतं.

दुकानाच्या अडचणीही सांगते. स्कूटर लावायला जागा नाही. चार डब्यांच्या खाली घरपोच देत नाहीत. एकदा डब्याच्या तळाला चीर होती, अर्धा जिना तेलकट झाला. डबा त्याच दिवशी बदलून दिला, पण उचलून मलाच न्यावा लागला. दुपारी दोन ते चार फोन उचलत नाहीत.

दिवाळीचं तेल घ्यायचं असेल तर नवरात्रातच सांगून ठेवा आणि सकाळी अकराच्या आत जा. तेव्हा सेठजी स्वतः काट्यावर असतात आणि विचारलंत तर त्या दिवसाचा मंडीतला सोयाबीनचा भावही सांगतात.