जबड्याच्या ऑपरेशनआधी तारा कोणत्या लावाव्यात?

जबड्याचं ऑपरेशन ठरलं की पहिला निर्णय ऑपरेशनचा नसतोच, तारांचा, म्हणजे ब्रेसेसचा असतो. धातूच्या, सिरॅमिकच्या, दातांच्या आतल्या बाजूने बसणाऱ्या, की काढता-घालता येणारे प्लास्टिकचे साचे, म्हणजे अलायनर? नुसते वाकडे दात सरळ करायचे असतील तर हे आरशापुढे उभं राहून ठरवलं तरी चालतं. इथे तारांवर आणखी एक काम पडतं, आणि निवड त्या कामावरून करावी असं माझं मत आहे.

ऑपरेशनमध्ये हाड कापून जबडा नव्या जागी आणतात. ती जागा अचूक साधावी म्हणून वरच्या-खालच्या दातांमध्ये आधी बनवून घेतलेला प्लास्टिकचा स्प्लिंट ठेवतात आणि दोन्ही जबडे बारीक तारेने एकमेकांना आवळून बांधतात. मग हाडावर टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू बसतात, आणि बांधलेली तार बहुधा ऑपरेशन टेबलावर असतानाच सोडवतात. ही आवळाआवळ होते ती ब्रेसेसमधल्या जाड, चौकोनी स्टीलच्या तारेवरच्या छोट्या हुकांना धरून. पुढचे कित्येक आठवडे वरच्या-खालच्या दातांमध्ये ताणायची छोटी रबरं अडकवायची तीही याच हुकांना. थोडक्यात, या काळात तुमच्या ब्रेसेस म्हणजे खुंट्या असतात. खुंटी ओढ सोसते का, एवढं पाहायचं.

साध्या धातूच्या ब्रेसेस ही ओढ निमूट सोसतात. ब्रॅकेट, म्हणजे तार धरणारा दातावर चिकटवलेला छोटा तुकडा, तुटत नाही. फार तर दातावरून निखळतं आणि पुन्हा चिकटवता येतं. दिसतात, हा त्यांचा एकच मोठा दोष. निकेलची ॲलर्जी असेल तर मात्र सुरुवातीलाच सांगा, कारण स्टीलमध्ये निकेल असतं आणि सुरुवातीच्या लवचीक तारांमध्ये तर भरपूर.

सिरॅमिकचा मोह सगळ्यात जास्त पडतो. मलाही पडला. मी वर सिरॅमिक आणि खाली धातू अशी जोडी घेतली. सिरॅमिक कडक असतं पण ठिसूळ; ते वाकत नाही, टवका उडतो. माझ्या सुळ्यावरच्या ब्रॅकेटचा एक कान जाड तार बसवतानाच उडाला. खुर्चीत बसलेलो असताना ते चाललं, नवं ब्रॅकेट लागलं. तेच ऑपरेशनच्या वेळी झालं तर तो दातासारखाच दिसणारा कण रक्त-लाळेत शोधायचा कसा? घशात गॉजचा बोळा ठेवलेला असतो हे खरं, पण सिरॅमिक एक्स-रेवर धातूइतकं ठळक दिसत नाही. त्यामुळे काही सर्जन सिरॅमिक म्हटलं की नाक मुरडतात, काही चालवून घेतात. तुमचे कोणत्या गटातले, हे ब्रॅकेट चिकटवण्याआधी विचारा. खाली धातू घेण्याचं कारण वेगळं आहे: सिरॅमिक दाताच्या इनॅमलपेक्षा कठीण असतं, आणि वरचे दात खालच्या ब्रॅकेटवर टेकत असतील तर झिजतात ते दातच.

शिवाय ज्यासाठी सिरॅमिक घ्यायचं ते ऐन वेळी उरतच नाही. ऑपरेशन जवळ आलं की त्यावर जाड स्टीलची तार येते, तिच्यावर दातादातांमध्ये हुक येतात, ब्रॅकेट बहुतेकदा स्टीलच्याच तारेने बांधतात. हसलो की धातूच दिसायचा.

आणि दिसण्याचं म्हणाल तर एक गोष्ट आधीच ऐकून ठेवा. जबड्यातला फरक झाकायला दात वर्षानुवर्षं तिरके झालेले असतात. ऑपरेशनआधीच्या तारा त्यांना आपापल्या हाडावर सरळ उभं करतात, आणि झाकलेला फरक उघडा पडतो. हनुवटी मागे असेल तर आणखी मागे वाटते, पुढे असेल तर आणखी पुढे. चावा, म्हणजे वरच्या-खालच्या दातांची बैठक, बिघडतो. हा काळ बऱ्याचदा वर्ष-दीड वर्षाचा असतो, शिवाय ऑपरेशननंतरचे काही महिने. लोकांचं लक्ष तेव्हा ब्रॅकेटच्या रंगाकडे नसतं.

सेल्फ-लायगेटिंग, म्हणजे झाकणवाल्या ब्रेसेसवर फार शब्द खर्चायला नकोत. तार बसवणं-काढणं चटकन होतं, पण उपचार लवकर संपतात असं खात्रीने म्हणता येत नाही. झाकण ऐन वेळी उघडू नये म्हणून वरून तार बांधून घेतात का, एवढं विचारलं की पुरे.

आतल्या बाजूच्या, लिंग्वल ब्रेसेस खरोखर दिसत नाहीत. पण हुक बाहेरच्या बाजूला लागतात, त्यामुळे सर्जनला दातांवर वेगळी बटणं चिकटवावी लागतात किंवा हिरडीतून हाडात तात्पुरते स्क्रू घालावे लागतात. जिभेला त्या टोचतात आणि उच्चार सुरुवातीला अडखळतात. ऑपरेशननंतर तोंड जेमतेम बोटभर उघडत असताना आतली बाजू साफ करणं ही शिक्षाच. बाहेरच्या ब्रेसेसचंही एक आहे: खालच्या जबड्याच्या ऑपरेशननंतर ओठ बरेचदा बधिर असतो, हुक आत रुतलेला कळत नाही. मी रोज रात्री टॉर्च घेऊन, ओठ उलटा करून बघायचो आणि टोचणाऱ्या हुकावर मेणाची गोळी दाबायचो. रबरं लावायला लहान मुलांच्या ब्रशच्या दांड्याने गाल बाजूला धरायचा, हे तिसऱ्या दिवशी सुचलं.

अलायनरनेही हे उपचार होतात, पण दिवसाचे वीस-बावीस तास ते घालायची शिस्त हवी. ऑपरेशनसाठी बटणं, स्क्रू किंवा थोड्या काळापुरत्या ब्रेसेस लागतातच, आणि सुजलेल्या तोंडात अलायनर काढ-घाल करणं सोपं नाही. ज्यांच्या दातांना फारसं सरकायचं नाही आणि ज्यांचा सर्जन अशा केसेस नेहमी करतो, त्यांनीच हा विचार करावा.

कोणतंही निवडा, तारेचं टोक धरायला दाढांना नुसती चिकटवलेली नळी बसणार की कडं, हे विचारायला विसरू नका. कडं दाढेला वेढून बसतं, ओढीने सहसा निखळत नाही. मी विचारलं नव्हतं. माझी मागची नळी ऑपरेशनच्या आठ दिवस आधी सुटली आणि घाईघाईत तिथे कडं बसवावं लागलं.