ग्लायफोसेट की टू-फोर-डी? डब्यावरचा धोका आणि पंपातला धोका

तण मारायला ग्लायफोसेट घ्यावे की टू-फोर-डी, अशी ही तुलना आहे. पॅराक्वाट हे तिसरे तणनाशक तीत घेतलेलेच नाही. एखादा घोट पोटात गेला तरी फुप्फुसे निकामी होतात आणि त्यावर उतारा नाही. युरोपीय संघात 2007 पासून ते बंद आहे. खरी निवड उरते ती ग्लायफोसेट आणि टू-फोर-डी यांच्यात.

वाद निघाला की पहिला आरोपी ग्लायफोसेट. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 2अ म्हणजे 'बहुधा कर्ककारक' गटात टाकले. त्याच वर्षी टू-फोर-डी एक पायरी खाली, 2ब गटात गेले. हे वाचून बरेच जण टू-फोर-डीकडे वळतात. पण हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात. किती मात्रेला किती धोका, हे त्यांतून कळत नाही. युरोपीय संघाने 2023 मध्ये ग्लायफोसेटची परवानगी 10 वर्षांनी वाढवली. ते वनस्पतीतले जे विकर (एन्झाइम) अडवते ते प्राण्यांत नसते, हा बचाव खरा आहे. मात्र डब्यात नुसते ग्लायफोसेट नसते. काही उत्पादनांत पानाला चिकटण्यासाठी घातलेले पीओईए बेडकांना, माशांना आणि माणसाच्या डोळ्यांनाही जास्त जाचते. बांधावरून पाणी वाहत असेल तर ते उत्पादन टाळलेलेच बरे. (टू-फोर-डीवरही एक आरोप उगाच होतो. व्हिएतनाम युद्धात फवारलेल्या एजंट ऑरेंजमधले डायॉक्सिन हे विष त्याच्या जोडीदारातून, टू-फोर-फाइव्ह-टीमधून आले होते.)

आमचा कल ठरला तो मात्र कर्करोगाच्या वादावरून नव्हे, पंपावरून. टू-फोर-डी पंपातून जाता जात नाही. पुढच्या वेळी त्याच पंपाने कीटकनाशक मारले की कपाशीची पाने भेंडीच्या पानासारखी फाकतात, टोमॅटोचे शेंडे पिळवटतात. नुसत्या पाण्याने तीनदा विसळून भागत नाही. 15 लिटर पाण्यात 150 मिलि घरगुती अमोनिया घालून पंप, नळी, गाळणी आणि नोझल रात्रभर भिजवावे लागते, मग पुन्हा धुणे. अमोनियात ब्लीच चुकूनही मिसळू नये, विषारी वायू होतो. त्यातून टू-फोर-डीचा ईस्टर प्रकार असेल तर उन्हात फवारणी झाल्यावरही त्याची वाफ शेजारच्या पिकावर जाते. अमाईन सॉल्ट हा त्याचा दुसरा प्रकार कमी उडतो, पण बारीक थेंब वाऱ्यावर जातातच. संध्याकाळी वारा अगदी पडला म्हणजे निर्धास्त, असेही नाही; थंड हवेच्या थरात थेंब तरंगत राहतात आणि भलतीकडे उतरतात.

ग्लायफोसेटची वाफ जवळजवळ होत नाही, मातीला ते घट्ट धरून बसते. हीच त्याची खोडही आहे. गढूळ पाण्यात कालवले की पंपातच निकामी. जड पाण्यातले कॅल्शियमही त्याला बांधते, म्हणून 15 लिटरला 300 ग्रॅम अमोनियम सल्फेट आधी विरघळवायचे, औषध नंतर. तण हिरवे आणि वाढीला लागलेले हवे. धूळ बसलेल्या, सुकलेल्या पानावर पैसे वाया. सहा तासांत पाऊस नको. आठ-दहा दिवस काही दिसत नाही म्हणून दुसरा हात मारू नये. हराळी, लव्हाळा एका फवारणीत संपेल असे समजू नका. आणि तेच औषध वर्षानुवर्षे मारले तर दाद न देणारे तण उरते. 1996 पासून हे दिसत आले आहे.

व्हिनेगर? कोवळे तण करपते, लव्हाळ्याच्या गाठी तशाच राहतात. 20 टक्क्यांचे असेल तर डोळ्यांना ग्लायफोसेटपेक्षा तेच जास्त घातक.

एकूण, मोकळ्या जागेत आणि फळझाडांखाली नोझलला हूड (थेंब अडवणारे झाकण) लावून, खोडाची हिरवी साल वाचवत, ठिपक्या-ठिपक्याने मारलेले ग्लायफोसेट आम्हाला कमी त्रासाचे वाटते. उभ्या गव्हात रुंद पानांचे तण असेल तर अर्थात त्याचा उपयोग नाही, पीकच जाईल. तिथे टू-फोर-डीचे अमाईन सॉल्ट, तेही फुटवे फुटल्यावर आणि कांडी धरण्याआधी. त्याचा पंप वेगळा ठेवा आणि टाकीवर लाल रंगाचा पट्टा ओढा.